'शाखा-टांकसाळ' या संज्ञेची चिकित्सा : नागपूरकर भोसल्यांच्या रौप्य नाण्यांच्या निमित्ताने

मराठा अमलातील नाण्यांविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्यात 'शाखा-टांकसाळ' ही संज्ञा पुनःपुन्हा आढळते. एखादा रुपया मुख्य टांकसाळीच्या रुपयाशी पुष्कळसा जुळतो, पण अक्षरांची घडण किंचित निराळी दिसते, एखादे चिन्ह अधिक असते, किंवा टांकसाळीचे नाव जेथे यावयाचे तेथेच नाण्याची कड संपलेली असते. असे झाले की ते नाणे 'शाखेचे' ठरविले जाते आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. वस्तुतः प्रश्न तेथे मिटत नाही, सुरू होतो. शाखा कोणाची, कोणत्या अर्थाने, आणि तिची ओळख नाण्याच्या कोणत्या अंगावरून पटली, या तिन्ही गोष्टींचे उत्तर त्या एका शब्दात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे. उदाहरणे मुख्यत्वे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातली घेतली आहेत. कारण वर्धा नदीच्या पूर्वेकडील प्रदेशात, म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्यात, जुन्या घरांतून जे चांदीचे रुपये आढळतात त्यांच्या निर्णयाशी या संज्ञेचा थेट संबंध पोहोचतो.

१. संज्ञेचा अर्थ

'शाखा' हा शब्द झाडावरून घेतलेला आहे. एक बुंधा, त्याला फुटलेल्या फांद्या, आणि दोहोंतून वाहणारा एकच रस, असे चित्र तो मनापुढे उभे करतो. ब्रिटिश अमलातील टांकसाळींना हे चित्र बऱ्याच अंशी लागू पडते. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरविण्यात आला. त्यानंतर कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील नाणी एका नमुन्याची, एका वजनाची व एका कसाची निघू लागली. त्यांतील फरक म्हणजे केवळ एखादा ठिपका, एखादे अक्षर किंवा पाकळीची बारीक ठेवण. येथे 'शाखा' म्हणावयास हरकत नाही, कारण मध्यवर्ती आज्ञा आणि तिची स्थानिक अंमलबजावणी हे दोन्ही कागदोपत्री सिद्ध आहेत.

मराठा अमलात ही व्यवस्था नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांचे चलन व टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला, तेव्हापासून अभ्यासकांना हे ठाऊक आहे की टांकसाळ चालविण्याचा परवाना सोनार-सराफांना दिला जात असे, त्याबद्दल सरकारास द्रव्य मिळे, आणि कस व वजन राखण्याची जबाबदारी परवानेदारावर असे. अशा टांकसाळीचा सरकारशी असलेला संबंध मक्त्याचा होता. मक्तेदार बदलला, गाव तेच राहिले. किंवा गाव बदलले, ठसा तोच राहिला. असे दोन्ही घडू शके. फांदीचे चित्र येथे कामाचे नाही, कारण बुंध्यातून फांदीत काय वाहत होते हेच निश्चित नसते. तेव्हा 'शाखा' म्हणताना लेखकास मालकीची शाखा अभिप्रेत आहे, नमुन्याची आहे, की कारागिरांची, हे स्पष्ट झाल्याखेरीज ती संज्ञा वर्णन न राहता निव्वळ अनुमान होते.

२. नाव आणि जागा

यापेक्षा मूलगामी अडचण टांकसाळीच्या नावाची आहे. नाण्यावर 'जर्ब' या शब्दापुढे जे गाव लिहिलेले असते तेथेच ते नाणे पाडले गेले, हे साधे अनुमान बहुतेक याद्यांच्या मुळाशी असते. पुढील तीन उदाहरणांत ते खोटे ठरते आणि तिन्ही उदाहरणे निर्विवाद आहेत. कंपनीच्या मुंबईच्या टांकसाळीने शाह आलम दुसरा याच्या ४६व्या राज्यवर्षाचे जे रुपये पाडले त्यांवर नाव सुरतेचे आहे. कलकत्त्यास पाडलेल्या १९व्या वर्षाच्या सिक्का रुपयावर नाव मुर्शिदाबादचे आहे. ४५व्या वर्षाच्या फर्रुखाबादी रुपयांचा काही भाग बनारसला, काही कलकत्त्याला आणि काही सागरला पाडला गेला. त्यांतील सागर तर विदर्भाच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे फारसे दूरही नाही.

या तिन्ही ठिकाणी गावाचे नाव आपले मूळ कार्य सोडून देते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषनामाचे येथे सामान्यनाम झालेले आहे. 'सुरत' या शब्दाने या नाण्यावर तापीकाठचे शहर दर्शविले जात नाही. ठराविक वजनाचा व ठराविक कसाचा, बाजारात विश्वासास पात्र झालेला एक रुपया दर्शविला जातो. वर्षाच्या आकड्याचेही तेच. तो कालदर्शक न राहता नमुन्याचा भाग बनतो. ही प्रवृत्ती केवळ एतद्देशीय टांकसाळींपुरती होती असेही नाही. कंपनीच्या १८४० सालच्या रुपयावरील साल १८६२ पर्यंत कायम होते, आणि १८६२ सालचा रुपया त्याच सालाने १८७४ पर्यंत निघत राहिला. मुंबईच्या रुपयांवर सालाखाली दिलेल्या ठिपक्यांवरून पुढील वर्षांचा बोध घेतला जातो, तो यामुळेच.

मराठीतील नाण्यांची बाजारी नावे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. 'चांदवडी', 'नागपुरी' या नावांत गावाला 'ई' हा प्रत्यय लागला आहे. 'अंकुशी' मध्ये तोच प्रत्यय चिन्हाला लागला आहे. 'मल्हारशाही' आणि हैदराबादेकडील 'गोविंदबक्षी' ही नावे व्यक्तींकडे बोट दाखवितात. एकाच प्रत्ययाने उत्पत्तिस्थान, प्रचारस्थान, नमुना आणि खूण अशा चार निराळ्या संबंधांचा बोध होतो. 'नागपुरी रुपया' म्हणजे नागपुरास पाडलेला, नागपूरच्या राज्यात चालणारा, की नागपूरच्या कसाचा, याचा निर्णय त्या विशेषणावरून होत नाही. जेम्स प्रिन्सेपने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत देशातील रुपये अशा प्रचलित नावांनी, वजन व शुद्ध धातूच्या आकड्यांसह दिले. तो स्वतः टांकसाळीत धातुपरीक्षकाचे काम केलेला होता, त्यामुळे नावापेक्षा कसाला त्याने महत्त्व दिले हे स्वाभाविक होय. पुढील काळात हीच नावे उत्पत्तिस्थानाचा पुरावा म्हणून वापरली गेली, तर तो कोष्टकांचा दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे.

३. लेखाचे वाचन

भोसल्यांचे रौप्य चलन मोगल बादशहाच्या नावाने पाडलेले आहे. नागपूर आणि कटक या दोन्ही ठिकाणच्या रुपयांवर अहमदशाह बहादुर याचे नाव येते. हा बादशहा १७४८ ते १७५४ एवढीच वर्षे गादीवर होता. ओरिसा १७५१ मध्ये भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये त्यांच्या हातून गेला. तेव्हा पदच्युत बादशहाचे नाव पुढे कित्येक दशके नाण्यावर राहिले, हे उघड आहे. साहजिकच बादशहाच्या नावावरून कालनिर्णय होत नाही आणि दोन टांकसाळींतील भेदही कळत नाही. सारा भार मागील बाजूच्या लेखावर, विशेषतः 'जुलूस मैमनत मानूस' या ठराविक शब्दांबरोबर येणाऱ्या टांकसाळीच्या नावावर पडतो.

नेमका हाच भाग अनेक नाण्यांवर अपुरा असतो. ठसा मोठा आणि चांदीची टिकली लहान, असा हातोड्याने पाडलेल्या नाण्यांचा सर्वत्र अनुभव आहे. त्यातून जे उरते ते फारसी लिपीत असते, आणि ठसा कोरणारास ती लिपी वाचता येत होतीच असे धरून चालता येत नाही. एका पिढीने दुसऱ्या पिढीचा ठसा पाहून कोरला की अक्षरे हळूहळू आकृती बनतात. नुक्ते गळतात, सरकतात, किंवा मोकळी जागा भरण्यासाठी शोभेचे ठिपके म्हणून वाढतात.

याचा परिणाम किती दूरवर जातो ते 'कटक' या नावावरून मोजता येईल. या शब्दात काफ, मध्ये एक दात, आणि पुन्हा काफ अशी आकृती असते. नुक्ते नसतील तर मधला दात फारसी वर्णमालेतील बे, पे, ते, से, नून आणि ये यांपैकी कोणताही असू शकतो. काफ आणि गाफ यांतील भेद एका तिरकस रेघेचा. ती रेघ वगळण्याची लेखनरूढी सुपरिचित आहे. म्हणजे पहिल्या स्थानी दोन, मधल्या स्थानी सहा व शेवटच्या स्थानी दोन असे पर्याय धरले, तर केवळ लिपीच्या आधारे चोवीस वाचने संभवतात. त्यांपैकी एकच खरे हे इतिहासावरून ठरते, लिपीवरून नव्हे. 'कटक' हे वाचन योग्य आहे याबद्दल वाद नाही. मात्र ते योग्य का आहे, याचे कारण पूर्ण लेख असलेल्या प्रती उपलब्ध आहेत हे होय. ज्या नाण्याची पूर्ण प्रत कोठेच नाही, त्याच्या बाबतीत हे सामर्थ्य वाचकाजवळ नसते.

'नागपूर' या नावाची अडचण निराळी आहे. त्याचा उत्तरार्ध 'पूर' हा एलिचपूर आणि बुऱ्हाणपूर या जुन्या मोगल टांकसाळींच्या नावांतही आहे. नाण्याच्या कडेला केवळ 'पूर' एवढेच उरले असेल तर त्यावरून टांकसाळ ठरविणे म्हणजे आडनावाच्या शेवटच्या 'कर' वरून माणूस ओळखण्यासारखे आहे. असे नाणे नागपूरच्या भोवतालच्या खेड्यात मिळाले म्हणून ते 'नागपूर किंवा नागपूरची शाखा' असे नोंदवावयाचे आणि पुढच्या अभ्यासकाने त्याच नोंदीवरून नागपुरी रुपयाचा प्रसार त्या खेड्यापर्यंत होता असे सिद्ध करावयाचे, हे चक्राकार प्रमाण होय. नोंदीत वाचलेली अक्षरे आणि तर्काने भरलेली अक्षरे निराळ्या कंसांत दाखविण्याची शिस्त शिलालेखांच्या संपादनात रूढ आहे. नाण्यांच्या याद्यांत तिचा अवलंब न होण्यास कोणतेही समर्थनीय कारण नाही.

४. चिन्हांचा पुरावा

लेख अपुरा असल्यामुळे संग्राहक चिन्हांकडे वळतात. हे वळणे अयोग्य नाही. फारसी न वाचणाऱ्या सराफालाही नाणे ओळखता यावे हा चिन्हांचा हेतूच होता, आणि के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा १९८९ मध्ये अंजनेरी येथील नाणकशास्त्रीय संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेला मराठा टांकसाळींवरील ग्रंथ या क्षेत्रात पायाभूत ठरला आहे. टांकसाळवार मांडणी करून त्याने विखुरलेली सामग्री एकत्र आणली, हे त्याचे ऋण प्रत्येक अभ्यासकाने मानले पाहिजे.

परंतु टांकसाळवार मांडणीचा एक स्वाभाविक परिणाम असा की वाचक प्रत्येक नाण्यासाठी एखादी टांकसाळ शोधू लागतो. यादीत घर आहे म्हणून नाणे त्या घरात बसविले जाते. चिन्ह हे टांकसाळीचे असते, मक्तेदाराचे असते, विशिष्ट हप्त्याचे असते, किंवा लोकप्रिय झालेल्या रुपयाचे अनुकरण असते. अंकुशाचे उदाहरण बोलके आहे. पुण्याच्या रुपयाने अंकुशाला प्रतिष्ठा दिली, आणि मराठा मुलखातील इतर नाण्यांवरही अंकुश आढळतो. तेथे अंकुश पुण्याची शाखा सुचवितो, की पुण्याच्या नमुन्याची नक्कल, हे केवळ चिन्ह पाहून सांगता येणार नाही. शिवाय मूळ ठशातील चिन्ह आणि चलनात असताना सराफाने मारलेली छाप या दोहोंचा घोटाळा झाला, तर नाण्याच्या प्रवासाचा पुरावा त्याच्या जन्माचा पुरावा म्हणून पुढे येतो.

चिन्हापेक्षा बळकट असा एक पुरावा आहे व त्याचा उपयोग फार थोडा झालेला आहे. तो म्हणजे ठशांची साखळी. नाण्याच्या दोन बाजूंचे ठसे निरनिराळ्या वेगाने झिजतात आणि निरनिराळ्या वेळी बदलले जातात. एकाच पुढच्या ठशाने पाडलेली दोन नाणी सापडली आणि त्यांच्या मागील ठशांत भिन्न चिन्हे असली, तर ती दोन्ही एकाच कारखान्यात पाडली गेली असा संभव बळावतो. मग त्यांपैकी एकास 'मुख्य' व दुसऱ्यास 'शाखा' म्हणण्याचा आधारच नाहीसा होतो. यासाठी पुष्कळ नाण्यांची एका प्रमाणात घेतलेली छायाचित्रे लागतात. आज ती मिळविणे पूर्वीइतके अवघड नाही.

५. धातू, वजन आणि बनावट

नाणे खरे की खोटे हा प्रश्न टांकसाळीच्या प्रश्नाहून निराळा असला तरी व्यवहारात दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. सर्वपरिचित टांकसाळीचे बनावट नाणे तुलनेसाठी ठेवलेल्या अस्सल नाण्यांपुढे उघडे पडते. 'अज्ञात शाखेचे' म्हणून पुढे केलेल्या नाण्याला तुलना नसते. त्याचे वेगळेपण हाच त्याच्या अस्सलपणाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. या संज्ञेचा हा दोष केवळ शास्त्रीय नाही. तिच्यामुळे बनावटीला आसरा मिळतो.

भौतिक परीक्षांनाही मर्यादा आहेत. शुद्ध चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.४९, तांब्याचे ८.९६. नव्वद टक्के चांदी व दहा टक्के तांबे असल्यास ते सुमारे १०.३१ येते, म्हणून पाण्यातील वजन घेऊन हीण ओळखता येते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण शिसे ११.३४ गुरुत्वाचे असल्यामुळे तीन भाग तांबे आणि सात भाग शिसे यांच्या मिश्रणाचे गुरुत्व चांदीच्या अगदी जवळ जाते. त्या प्रमाणात मिसळलेले हीण ही परीक्षा पकडणार नाही. क्ष-किरणांच्या परीक्षेत पृष्ठभागाचाच कस कळतो, आणि जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावरील तांबे निघून गेल्याने तेथे चांदीचे प्रमाण आतील भागापेक्षा अधिक असू शकते. वजनाचे म्हणावे तर दागिन्यात ओवलेल्या रुपयाला कडी लावताना डाक बसतो, कडी काढताना कड घासली जाते. दोन्हींमुळे वजन फिरते. चिंच आणि राख लावून उजळलेल्या नाण्यावरचा जुना थर जातो आणि ओतीव नक्कल ओळखण्याची एक खूणही त्याबरोबर जाते.

जुन्या गावगाड्यात ही पारख पोतदाराकडे होती. तो नाण्याचे मूळ गाव विचारीत नसे. नाणे वाजवून, घासून, तोलून त्यावर बट्टा किती हे सांगे. त्याचा प्रश्न आजच्या अभ्यासकाच्या प्रश्नापेक्षा मर्यादित होता, म्हणून त्याचे उत्तर अधिक खात्रीचे असे. या शिस्तीतून घेण्यासारखी गोष्ट ही की प्रत्येक परीक्षेला तिच्या आवाक्यातलाच प्रश्न विचारावा. तराजूने वजन कळते, टांकसाळ कळत नाही.

६. प्राप्तिस्थान

उरतो तो प्राप्तिस्थानाचा पुरावा, आणि सर्वांत अधिक हेळसांड त्याचीच झालेली आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेचे उदाहरण घ्यावे. वर्धा हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसविले गेले. तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तेव्हा 'वर्धा' या नावाचे शहर अस्तित्वात नव्हते. साहजिकच येथल्या एखाद्या घरातील जुन्या रुपयाच्या नोंदीत 'प्राप्तिस्थान : वर्धा' असे लिहिले तर त्या नाण्याच्या काळातील भूगोलाशी त्याचा मेळ बसत नाही. 'नागपूर' असे लिहिले तर टांकसाळीचा निर्णय नोंदीतच गुपचूप करून टाकल्यासारखे होते.

नुसते 'पिपरी' लिहिणेही पुरेसे नाही. पिंपळाशी निगडित असलेले हे नाव पश्चिम महाराष्ट्रात 'पिंपरी' आणि विदर्भात बहुधा 'पिपरी' असे आढळते व ते अनेक गावांना आहे. त्यांतील नेमके गाव दर्शविण्याचे काम 'मेघे' हा उत्तरपदाचा शब्द करतो. याच परिसरात सावंगी मेघे, बोरगाव मेघे आणि सिंदी मेघे ही गावे आहेत, आणि याच जिल्ह्यात सिंदी रेल्वे हे निराळे गावही आहे. 'सिंदी येथे मिळाले' एवढ्याच नोंदीने दोन गावांतील भेद पुसला जातो. टांकसाळींच्या नावांत 'जाफराबाद उर्फ चांदोर', 'मुहियाबाद पूना', 'रविशनगर सागर' अशी जोडनावे का आली, याचे एक कारण हेच असावे. लोकांनी स्वतःच्या व्यवहारात जो काटेकोरपणा पाळला तो नोंद करणाराने सोडून देणे उचित नव्हे.

वर्धा नदीचाही येथे विचार करावा लागतो. १८०३ च्या देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला व तो निजामाच्या वाट्यास आला. म्हणजे पुढील अर्धशतक ही नदी दोन चलनांची सीमा होती. नदीच्या पूर्वेस भोसल्यांचा रुपया किती मिसळीने चालत होता, पश्चिमेचा रुपया किती अंतरापर्यंत येत होता, हे ठरविण्याचे साधन म्हणजे गावोगावच्या नाण्यांच्या अखंड नोंदी. एका घरातील पंधरा रुपये एकत्र नोंदले गेले तर त्यांतून कुटुंबाच्या देवघेवीचा पट दिसतो. त्यांतील दोन 'शाखेचे' म्हणून वेगळे विकले गेले आणि तेरा सोनाराच्या मुशीत गेले, तर उरलेल्या दोहोंचे मोलही शास्त्रदृष्ट्या नाहीसे होते.

विदर्भाला या बाबतीत चांगली परंपरा आहे. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सापडलेला सातवाहन नाण्यांचा साठा महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अभ्यासिला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे त्यातून प्रकाशात आली. साठा एकत्र राहिला, म्हणूनच हे शक्य झाले. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे १९६७ मध्ये शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केले, तेव्हाही प्रत्येक वस्तूचा थर नोंदला गेला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील रुपया जमिनीतून न निघता पेटीतून निघतो एवढ्यावरून तो या शिस्तीस अपात्र ठरत नाही. जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा कायदा आहे, व दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन तो घालतो. पेटीतील वारशाच्या नाण्यांना असे बंधन नाही. तेथे अभ्यासकाची तत्परता हाच एक उपाय.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा आशय असा नव्हे की भोसल्यांच्या राज्यात मुख्य स्थानाबाहेर नाणी पाडली गेली नाहीत. कटकचे उदाहरण समोर असता असे कोणी म्हणणार नाही. परंतु कटकला 'शाखा' म्हणतानाही तिचा अर्थ सांगितला पाहिजे: सत्ता एक, बादशहाचे नाव एक, टांकसाळीचे नाव निराळे, आणि प्रचाराचा प्रदेश निराळा. येथे शाखेचे लक्षण नाण्यावरच लिहिलेले आहे. जेथे असे लक्षण नाही तेथे 'टांकसाळ अनिश्चित, नमुना नागपुरी' एवढेच म्हणावे. त्यात कमीपणा नाही. संग्राहकास ते रुचणार नाही हे मात्र खरे.

नोंदीचे चार भाग कटाक्षाने वेगळे ठेवले तर बराच गोंधळ टळेल: नाण्यावर प्रत्यक्ष वाचलेले नाव, ते ज्या नमुन्याचे आहे तो नमुना, ज्या कारखान्यात ते पाडले गेले असा तर्क आहे तो कारखाना व त्या तर्काचा आधार, आणि गावाच्या पूर्ण नावासह प्राप्तिस्थान. या चार रकान्यांपैकी तिसरा पुष्कळदा रिकामा राहील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो रिकामा ठेवण्याचा संकोच बाळगू नये. पहिला, दुसरा व चौथा हे रकाने प्रामाणिकपणे भरलेल्या शंभर नोंदी हाती असतील, तर तिसरा भरण्याचे काम पुढील अभ्यासकास करता येईल. घाईने भरलेला तिसरा रकाना मात्र उरलेल्या तिघांनाही संशयित करून सोडतो.